माणिकपूर : समोर, मागे, बाजूला

विरार फास्टमधून वसई रोडला उतरणं हा एक स्वतंत्र प्रवास आहे. दारातल्या मंडळींना विरारला जायचं असतं आणि मध्येच वसईला उतरणारा माणूस त्यांना निव्वळ आडमुठा वाटतो. त्या गर्दीतून माझा भाचा मोबाइल डोक्यावर धरून बाहेर पडला. मोबाइलात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ होता. त्यात माणिकपूरच्या इमारतींचे चौकोन होते, पण बहुतेकांना पत्ते नव्हते. ते आम्ही भरायचे, असं त्याने घरी परस्पर ठरवलं होतं.

हा नकाशा 2004 साली इंग्लंडात सुरू झाला. कोणीही भर घालावी, कोणीही फुकट वापरावा, असा कारभार. अट एकच, पण सक्त: कंपन्यांच्या नकाशातून बघून उतरवायचं नाही, स्वतः जाऊन पाहायचं आणि मग लिहायचं. पत्ता लिहायची त्यांची पद्धत जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी ठरली. घर क्रमांक, रस्ता, शहर, पिनकोड. कार्ल्सरूहेत एवढ्यावर माणूस सापडत असणार. ती पद्धत ठरवणाऱ्यांपैकी कोणी अंबाडी रोडला रिक्षा केली नसावी.

आम्ही केली. भाच्याने इमारतीचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला.

“समोर काय आहे?” रिक्षावाल्याने विचारलं.

“मोबाइलचं दुकान.”

“मग जुन्या बँकेसमोर म्हणा ना!”

बँक केव्हाच दुसरीकडे गेली होती. भाच्याने रिक्षातच तत्त्व मांडलं, की जागेवर आज जे आहे तेच नकाशात दाखवायचं. रिक्षावाल्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. “दुकानं दर वर्षी बदलतात हो. गेलेली बँक कुठे जात नाही.” यावर कार्ल्सरूहेकडे उत्तर नाही.

माणिकपुरात सर्वमान्य खूण एकच, सेंट मायकल चर्च. मूळचं पोर्तुगीज अमदानीतलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पुढे पेशवे गेले, इंग्रज गेले. ‘चर्चजवळ’ हा पत्ता मात्र शाबूत आहे. अडचण एवढीच, की अर्धं माणिकपूर स्वतःला चर्चजवळ समजतं आणि उरलेलं चर्चच्या मागे. चर्चच्या पुढे कोण राहतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

भाच्याच्या फोनात ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं एक ॲप आहे. इमारतीपाशी उभं राहिलं की ते परीक्षकासारखं विचारतं: घर क्रमांक काय? पहिल्याच फाटकाशी उत्तरांची रेलचेल झाली. खांबावर लाल रंगात जनगणनेचा असावा असा एक आकडा. दारावर पोलिओवाल्यांचा खडूचा ‘पी’, म्हणजे घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला. जिन्याखाली वीजमीटरचे आकडे. आणि संगमरवरी पाटीवर, सोनेरी अक्षरांत: टीएनए/व्हीएसआय/एचएसजी/टीसी आणि पुढे लांबलचक संख्या.

“सापडला!” भाचा म्हणाला.

“तो सोसायटीचा नोंदणी क्रमांक,” वॉचमनने खुर्चीतूनच सांगितलं. “घर नंबर घरपट्टीच्या बिलावर असतो. बिल सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी गावाला.”

एव्हाना पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले होते. “रिडेव्हलपमेंटचे का?” आम्ही नाही म्हटलं. नकाशाचं काम आहे म्हटलं. तिथेच घोटाळा झाला. “म्हणजे प्लॅन तयार आहे!” काका जिन्याकडे वळून ओरडले. पाच मिनिटांत आवारात सर्वसाधारण सभा भरली. कार्पेट एरिया किती वाढवून देणार, भाडं आगाऊ देणार की महिन्याच्या महिन्याला, तळमजल्याच्या दुकानदारांचं काय, असे प्रश्न माझ्यावर येऊ लागले. मी वयाने मोठा, म्हणजे बिल्डर मीच. भाचा परोपरीने सांगत होता, की आम्ही फक्त पत्ता लिहितोय, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर तर संशय पक्काच झाला. एका आजींनी तेवढं शांतपणे विचारलं, “पत्ता आम्हाला ठाऊक आहे की. तुम्हाला कशाला हवा?”

प्रश्न रास्त होता. पण रात्री दोनला रुग्णवाहिका बोलावली आणि ड्रायव्हर विरारचा निघाला, तर त्याला ही जुनी बँक कोण दाखवणार? आजींना हे पटलं. त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं, शेजारच्या बंगल्यांची नावंही, आणि मग कोण कोणाची सून इथपर्यंत आल्या. भाच्याने तिथे हात जोडले. नकाशात घराचं नाव चालतं, घरातल्या माणसांची नावं घालायची नसतात.

शहराच्या रकान्याशी आम्ही पुन्हा अडलो. पाटीवरच्या टीएनएमधलं ठाणे हे पूर्वीच्या जिल्ह्याचं. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. शेजारच्या एका गंजक्या फलकावर अजून नवघर-माणिकपूर नगरपरिषद नांदत होती. ती 2009 मध्येच वसई-विरार महानगरपालिकेत विलीन झाली. इमारत जागची इंचभर हलली नाही, पत्ता मात्र बदल्यांवर असलेल्या तलाठ्यासारखा फिरत राहिला.

स्थिर काय, तर पिनकोड. 401202. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. मराठी माणूस, संस्कृत कवी आणि टपाल खात्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय मंत्रालयातले अधिकारी. सहा अंकांत पत्र बिनचूक टपाल कार्यालयापर्यंत येतं. तिथून पुढे पोस्टमनची स्मरणशक्ती. ती गरज उरू नये म्हणून टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा तुकडा नेमका सापडतो. परतीच्या रिक्षावाल्याला भाच्याने उत्साहाने तो सांगून पाहिला. “हे चर्चच्या अलीकडे की पलीकडे?” तो म्हणाला.

तेव्हा माणिकपूरकरांना एक विनंती. फाटकावर इमारतीचं नाव, गल्लीचं नाव आणि पिनकोड रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावा, आणि सोसायटीतल्या एखाद्या पोराला ते नकाशात भरायला सांगा. नोंदणी क्रमांक छोट्या अक्षरांत असला तरी चालेल.