न गंजणाऱ्या चाकूची सेवा

न गंजणारी वस्तू घरात आली की तिच्या देखभालीला एक माणूस कायमचा जुंपावा लागतो. गंजणाऱ्या वस्तूंचं तसं नसतं. आमची विळी माझ्या लग्नाच्या आधीपासून गंजते आहे. चिंचेच्या चोथ्याने घासली की उजळते, नारळ खवते, मासे चिरते आणि परत भिंतीला टेकून बसते. तिच्याविषयी घरात कधी चर्चा झालेली नाही. चाकूविषयी मात्र मेहुणे आले की दुसरा विषय निघत नाही.

हा चाकू आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून आपल्या मामासाठी आणला. बापासाठी बदाम आणले. मामा मुलुंडला राहतो, पण सुट्टी मिळाली की गळाची काठी घेऊन आमच्याकडे रत्नागिरीला येतो आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. मासा लागला नाही तरी त्याची तक्रार नसते. मासे बाजारात मिळतात, उभं राहणं मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. अशा माणसाला चाकू लागतो तो आमिषाला आणलेली कोळंबी कापायला आणि खडकात अडकलेली तंगूस तोडायला. त्यासाठी चाकू न गंजणारा हवा, घडीचा हवा आणि पाण्यात पडला तर दिसावा म्हणून पिवळा हवा. हा तसा आहे. हळद लागलेल्या नवऱ्या मुलासारखा पिवळा.

न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट मेहुणे पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतात. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात भरपूर क्रोमियम घालून बघत होता. नळ्यांचं काय झालं ते राहू द्या, पण त्या पोलादावर डाग पडेना. शेफील्ड हे सुऱ्या-चाकूंचं गाव, त्यामुळे त्याच्या मनात पहिल्यांदा सुऱ्याच आल्या. पण सुरुवातीला तिथल्या कारागिरांना त्याची धार काही साधेना आणि ‘न कापणारे चाकू शोधून काढणारा माणूस’ म्हणून त्याची टिंगल झाली. सगळ्या गोष्टीत मला एवढाच भाग खराखुरा मराठी वाटतो. नवीन काही केलं की गावाने आधी हसायचं, मग वापरायचं.

स्टेनलेस म्हणजे अजिबात न गंजणारं, हा आपला भाबडा समज. क्रोमियममुळे पोलादावर ऑक्साइडचा एक अतिपातळ पापुद्रा येतो आणि खरी राखण तो करतो. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो परत जमतो. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि मिठातला क्लोराइड त्या पापुद्र्याला भोकं पाडतो. उघड्या पृष्ठभागावर एक वेळ निभतं. अरुंद फटीत मात्र ऑक्सिजनच पोचत नाही, त्यामुळे पापुद्रा दुरुस्त होत नाही आणि गंज आतल्या आत घर करतो. आता घडीचा चाकू म्हणजे काय? फटींचा समुदाय. पात्याची फट, बिजागरीची फट, पातं उघडं धरणाऱ्या कुलपाची फट, खिशाला अडकवायच्या क्लिपखालची फट. समुद्रासाठी याहून अडचणीचं हत्यार माणसाने शोधलं नसेल, आणि शोधल्यावर ते समुद्रावर नेलं.

यावर उपाय निघाला तो पोलादातला कार्बन कमी करण्याचा. कार्बनने पोलाद कडक होतं, पण तो क्रोमियमलाही धरून बसतो आणि राखणीचं काम उघडं पडतं. म्हणून कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजनकडे दिलं. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या स्पायडर्को कंपनीने एच-१ नावाच्या जपानी पोलादाचे असे चाकू ‘सॉल्ट’ या नावाने लोकप्रिय केले. पुढे एलसी-२००एन आलं, ज्याची जात मुळात विमानांच्या बेअरिंगसाठी घडवलेली. आमचा चाकू दुसऱ्या कोणाचा आहे, पण पोलाद हेच. मेहुणे ‘विमानाचं पोलाद’ म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात कोळंबीचं डोकं असतं.

एवढं सगळं असून मेहुणे दर वेळी हा चाकू पेचकसाने पूर्ण खोलतात. कशाला, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, पातं गंजत नाही हो, पण स्क्रू? क्लिप? पात्याच्या पोलादावर पैसे ओतणारे कारखाने स्क्रूवर हात आखडता घेतात. शिवाय वाळू. वाळू कुठल्याच पोलादाला घाबरत नाही. बिजागरीत गेली की चाकू उघडताना दाताखाली खडा आल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की मेहुण्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मासा लागल्यावरही मी पाहिलेलं नाही.

पहिली अडचण स्क्रूची. त्यांच्या डोक्यावर खाच नसते, सहा टोकांची चांदणी असते. त्याला टॉर्क्स म्हणतात. बिजागरीला टी-८, बाकीच्यांना टी-६. हार्डवेअरच्या दुकानात चांदणीचा पेचकस मागितला तर दुकानदाराने मोटारसायकलचा दिला, जो त्या स्क्रूहून मोठा होता. शेवटी मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत हवं ते मिळालं. हे वाचकांनी लक्षात ठेवावं: घड्याळजी, चष्मेवाला आणि मोबाइलवाला यांच्याकडे जे असतं ते लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे नसतं. आणि चपटा पेचकस घालून चांदणी फिरवू नये. चांदणीचा चंद्र होतो आणि मग तो स्क्रू जन्मभर तिथेच राहतो.

दुसरी अडचण अशी की स्क्रू कारखान्यात निळ्या गोंदाने बसवलेले असतात, हलून सुटू नयेत म्हणून. हट्ट करून फिरवला तर डोकं झिजतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं की गोंद नरमतो. काही सेकंदच, कारण मूठ नायलॉनची आहे आणि नायलॉनला धग सोसत नाही. मेहुण्यांनी आधी बहिणीचा केस वाळवायचा ड्रायर मागितला होता. त्या दिवशी भावाबहिणीत काय संवाद झाला तो मी पलीकडच्या खोलीतून ऐकला, लिहिण्यासारखा नाही.

तिसरी अडचण म्हणजे मी. बिजागरीचा स्क्रू एका बाजूने फिरवला की दुसऱ्या बाजूचाही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. म्हणून पलीकडून दुसरा पेचकस धरायला माणूस लागतो. कुटुंबात माझं स्थान काय, असा प्रश्न मला पूर्वी अधूनमधून पडत असे. आता मी पलीकडचा पेचकस आहे.

सुटे भाग ठेवायला मेहुणे इडलीपात्र घेतात. पहिल्या खळगीत क्लिपचे स्क्रू, दुसरीत बिजागर, तिसरीत बिजागरीच्या दोन्ही बाजूंच्या पितळेसारख्या दिसणाऱ्या पातळ चकत्या. त्या फॉस्फर ब्राँझच्या असतात. चौथीत कुलपाची पट्टी. सगळे स्क्रू दिसायला सारखे, पण लांबीला दोन-चार केसांचा फरक, आणि लांब स्क्रू आखूड भोकात घातला की तो पात्याला टेकून चाकूच अडतो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त असे रविवार आमच्याकडे उपम्याचे असतात.

चकत्यांवर हिरवट डाग होते. एकदा अंगणात हा कारभार चालू असताना शेजारच्या वाडीतले तांडेल आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, “दोन धातू आणि खारं पाणी. मग तिसरं काय होणार?” याचसाठी ते ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात. समुद्र जस्त खातो, पंखा वाचतो. ठोकळा संपला की नवा. अशा गंजाला गॅल्व्हानिक म्हणतात, पण त्यांना त्या शब्दाशी कर्तव्य नव्हतं. मेहुण्यांना होतं. त्यांनी तांडेलांना हम्फ्री डेव्हीची हकीकत सांगितली आणि ती खरंच सांगण्यासारखी आहे. १८२४ साली डेव्हीने ब्रिटिश आरमाराला सुचवलं की जहाजांच्या तळाला मढवलेलं तांबं गंजतं, तर त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. जोडले. तांबं गंजायचं थांबलं. पण तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तर जहाजांच्या तळाला शिंपलं आणि शेवाळ धरत नव्हतं! गंज थांबल्यावर जहाजाखाली बागच फुलली आणि जहाजं जड होऊन रेंगाळू लागली. सरकारला तुकडे काढून टाकावे लागले.

तांडेलांनी ऐकून घेतलं. मग कमरेचा कोयता काढून दाखवला. तो तपकिरी, ठिकठिकाणी खड्डे पडलेला, फक्त धारेची पट्टी पांढरी. “हा रोज गंजतो, रोज दगडावर घासतो. जास्त गंजला तर पुढल्या दसऱ्याला नवा,” म्हणाले. आणि मेहुण्यांच्या चाकूकडे बोट करून, “खोलून ठेवलाव, की कापतो पण?”

मेहुणे त्या दिवशी थोडे कमी बोलले. पण तांडेलांचा हिशेब मला पूर्ण पटत नाही. कोयत्याला बिजागर नसते आणि तांडेल त्याला खिशात घालत नाहीत. घडी पडणाऱ्या हत्याराची काळजी वेगळी. आपल्याकडे अडकित्ता आहेच की, त्यालाही सांधा असतो, आणि चार पिढ्या झाल्या तरी कोणी तो खोललेला नाही. कारण खोलता येऊ नये म्हणून त्याला रिव्हेट ठोकलेली असते. कारखानदारांनी स्क्रू बसवले तिथून माणसाचं मन चळलं.

जोडणी हे खरं प्रकरण. मूठ, चकती, पातं, चकती, कण्यातली कुलपाची पट्टी, तिच्याखालची स्प्रिंग. पट्टी दाबून धरायची, पातं तिच्या खाचेत बसवायचं आणि दुसरी अर्धी मूठ वर सरकवायची. पातं बसलं की पट्टी उसळते, पट्टी बसली की चकती घरंगळते. पातं धारेचं असतं हे या गडबडीत आठवत राहणं महत्त्वाचं. त्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळावी. बिजागरीचा स्क्रू फार आवळला तर चाकू उघडत नाही, सैल सोडला तर पातं डुगडुगतं. हे पाव आट्याने ठरतं आणि तो पाव आटा कुठला, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही.

शेवटचा वाद तेलाचा. सासूबाईंनी करडईचं सुचवलं. करडईचं तेल हवेत चिकट होऊन सुकतं, म्हणजे बिजागरीत गोंद घातल्यासारखं. मग कोकणी घरात खोबरेलाशिवाय दुसरं काय? पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं आणि कालांतराने खवट वास मारतं. कोळंबीच्या वासात तो वास कळत नाही, असं मेहुण्यांचं मत. अखेर शिलाई मशीनचं पातळ तेल जिंकलं, कारण ते आधीच मशीनच्या खणात होतं.

माझं मत विचाराल तर यातलं बहुतेक खोलणं अनावश्यक आहे. मीठ साखरेसारखं गोड्या पाण्यात विरतं, त्याला पेचकस लागत नाही. उलट तसंच राहिलं तर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेऊन स्क्रूंना चार महिने ओलं ठेवतं. म्हणून तुमच्याकडे असा चाकू आलाच, तर समुद्रावरून परतल्याबरोबर तो पूर्ण उघडून नळाखाली धरा, चार-सहा वेळा उघडझाप करा, झटका, उघडाच वाळवा आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा. करकर ऐकू आली तरच स्क्रूंना हात लावा. आणि लावलात, तर पलीकडचा पेचकस धरायला तुमच्या घरातला माणूस बघा. आमच्या मेहुण्यांना फोन करू नका. ते येतील.