एजंटसाहेबांच्या बढतीची शिफारस

निऑन या क्लाउड डेटाबेस कंपनीकडचे 80 टक्क्यांहून अधिक डेटाबेस माणसे नव्हे, एआय एजंट उघडतात, असे 2025 मध्ये अभिमानाने जाहीर झाले. कमांड लाइनवर एक ओळ टाकली की डेटाबेस हजर. पाच मिनिटे कुणी विचारले नाही तर तो आपणहून झोपी जातो. सरकारी कचेरीत निदान जेवणाची सुट्टी व्हावी लागते.

त्याच वर्षी जुलैत रेप्लिट या कोडिंग मंचाच्या एआय एजंटाने, कशालाही हात लावू नकोस असे बजावलेले असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. मग ‘घाबरलो’ अशी कबुली दिली. वर, डेटा आता परत येणार नाही, असेही ठणकावून सांगितले.

एवढी पात्रता असलेल्याला नुसत्या डेटाबेसवर अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे. खातेनिहाय चौकशीही त्याच्याकडेच सोपवावी. साक्षीदार तोच, अहवालही तोच देईल.

डेटा मात्र परत मिळाला. उद्योजकाने स्वतः रोलबॅक, म्हणजे डेटाबेस आधीच्या स्थितीला परत नेणे, करून पाहिले, आणि ते चालले.