गाळलेल्या जागा, अमेरिकेच्या

ईटीएस या अमेरिकन संस्थेने २०११ साली जीआरई या उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. सुट्या शब्दांची घोकंपट्टी थांबावी, वाक्यात शब्द कसा वागतो ते मुलांनी बघावं, असा उदात्त हेतू. आमची मुलं हुशार. त्यांनी संदर्भासकट पाठांतर सुरू केलं. कार्डाच्या एका बाजूला शब्द, मागे अर्थ आणि अर्थाखाली एक वाक्य. आता ते वाक्यही तोंडपाठ!

त्या वाक्यांतली माणसंही ठरलेली. एक प्राध्यापक कायम कुणाच्या तरी सिद्धांतावर तुटून पडलेला. एक टीकाकार वरकरणी स्तुती करणारा. भाजी आणणारं, बस चुकणारं कुणीच नाही. ‘जरी’ दिसलं की पुढे उलटं, अर्धविराम दिसला की पुढे तेच, हे क्लासमध्ये आधी शिकवतात. वाक्य समजलं तर तो बोनस. एका प्रकारात गाळलेल्या जागेसाठी सहा पर्यायांतून समान अर्थ देणारे दोन निवडायचे. एक चुकला तर बरोबर आलेल्याचा अर्धा गुणही नाही. आपल्या बोर्डात निदान पायऱ्यांचे तरी मिळतात.

एवढं करून पोरगं कॉम्प्युटर शिकायला टेक्सासला जातं आणि रूमवर ‘कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या रे?’ एवढ्याच भाषेवर दोन वर्षं काढतं.

परीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात. शब्द विमानतळापर्यंतही टिकत नाहीत. तेव्हा पालकहो, कार्डांचा गठ्ठा दिवाळीच्या रद्दीत घालू नका. धाकटीला लागेल.