सर्वतोध्वनिपत्रमीमांसा

घरगुती संगणकाच्या उदरात राहून जी पट्टिका श्रोत्याच्या पुढून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ध्वनी उत्पन्न करविते, तीस ‘सर्वतोध्वनिपत्र’ म्हणावे. लोकव्यवहारात तिला ‘फाइव्ह पॉइंट वनचं कार्ड’ म्हणतात. ही संज्ञा अव्याप्तिदोषाने दूषित आहे. कारण सेव्हन पॉइंट वनचेही कार्ड असते.

शब्द हा आकाशाचा गुण, असे वैशेषिकांचे मत आहे. तो गुण कानापर्यंत कसा येतो याविषयी न्यायवैशेषिक परंपरेत दोन दृष्टान्त प्रसिद्ध आहेत. पाण्यात खडा पडल्यावर लाट लाटेला ढकलते तसा, हा वीचीतरंगन्याय. कदंबाच्या कळीतून चोहोंकडे एकदम केसर फुटतात तसा, हा कदंबमुकुलन्याय. संगणकाबरोबर मिळणारी दोन स्पीकरांची जोडी कदंबाच्या जवळपासही जात नाही. ही त्रुटी शतकानुशतके दुर्लक्षित राहिली. तिच्या निराकरणार्थ प्रस्तुत शास्त्राची स्थापना करण्यात येत आहे.

क्षेत्रनिर्णय

संशोधन वसई तालुक्यातील चांदीप येथे झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी हे गाव ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. ध्वनीच्या वेगावर या फेरबदलाचा परिणाम आढळला नाही. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदास सुमारे ३४३ मीटर होता, तेवढाच राहिला. मात्र मे महिन्यात ३५ अंशांना तो ३५२ च्या घरात जातो. उन्हाळ्यात संवाद किंचित लवकर ऐकू येतात. प्रयोगशाळा म्हणजे आमची पुढची खोली, बारा फूट बाय दहा फूट, दारे दोन, कणगी एक.

प्रकारभेद

ध्वनिपत्रे त्रिविध असतात.

(१) औरस. मदरबोर्डवरच जन्मास आलेले. इंटेलने १९९७ साली एसी ९७ आणि २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके घालून दिली, तेव्हापासून बहुतेक मदरबोर्ड या अपत्यासहच बाजारात येतात.

(२) दत्तक. निराळे विकत आणून खाचेत बसविलेले. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ मधील साउंड ब्लास्टर हा या कुळातील कीर्तिमान पुरुष.

(३) अतिथी. यूएसबीने बाहेरून चिकटणारे. येते, बोलते, पिशवीत जाते. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

औरस हयात असता दत्तक घ्यावा काय? ‘दत्तकमीमांसा’कार नंदपंडित दत्तविधानाचा अधिकार अपुत्रासच देतात, आणि आजचा औरस बहुधा सहा स्पीकर सांभाळण्यास समर्थ असतो. म्हणून सामान्य वाचकाने कार्ड विकत घेऊ नये, असाच शास्त्रार्थ निघतो. प्रस्तुत लेखकाचा औरस मात्र गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री मुका झाला. मुके अपत्य जमेस धरावे की न धरावे, हा प्रश्न उरला. आपद्धर्म म्हणून दत्तविधानाचा निश्चय झाला.

खाचनिर्णय आणि ‘चालेल’चे चातुर्विध्य

दत्तकाचे गोत्र खाचेवरून ठरते. जुनी पीसीआय खाच लांब आणि बहुधा पांढरी. नवी पीसीआय एक्सप्रेस खाच, तिच्या एकपदरी रूपात, बोटाच्या एका पेराएवढी. या दोन गोत्रांत रोटीव्यवहारही नाही. मदरबोर्डाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन लेखक लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, उपस्थित झाला. तेथील एका दुकानदाराने छायाचित्राकडे दृष्टिक्षेप करून शब्दप्रमाण उच्चारले: “चालून जाईल.”

या शब्दाची चिकित्सा पूर्वसूरींनी केलेली नसल्याने येथे विस्तार क्षम्य ठरावा. संगणकबाजारात आश्वासन चार कोटींत विभागले जाते.

(अ) ‘चालेल.’ शुद्ध भविष्यकाळ. यासोबत पक्के बिल मिळते.

(आ) ‘चालायला पाहिजे.’ हे विधान नव्हे, विधी आहे. कार्डाने चालणे हे कार्डाचे कर्तव्य. ते त्याने पार न पाडल्यास पाप कार्डास लागते, दुकानास नव्हे.

(इ) ‘न चालायला काय झालं?’ प्रश्नार्थक. उत्तर गिऱ्हाइकाने घरी जाऊन शोधावयाचे.

(ई) ‘चालून जाईल.’ संयुक्त क्रियापद. यात ‘चाल’ हा धातू कार्डास लागतो की नाही, याविषयी मतभेद आहेत. ‘जा’ हा धातू गिऱ्हाइकास लागतो, याविषयी मतभेद उरलेला नाही. विरार ते ग्रँट रोड हा प्रवास त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा करताना, मांडीवर लांब दातांचे कार्ड घेऊन, लेखकास हे व्याकरण उलगडले. दुकानदाराने कार्ड बदलून दिले आणि वरचे चारशे रुपये घेताना (अ) कोटीतील शब्द वापरला.

प्रतिष्ठापना

मुहूर्त वीज असण्याचा नव्हे, वीज काढण्याचा पाहावा. प्लग काढून, पितळी तांब्याला नव्हे तर कॅबिनेटच्याच उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते; हवा कोरडी असल्यास हे विशेष. नंतर बाजूचे झाकण काढावे. आत दोन वर्षांची धूळ, उदबत्तीची राख आणि एक वाळलेली पाल सापडली. पालीचा वर्गीकरणाशी संबंध नाही.

खाचेसमोरची पत्र्याची पट्टी स्वस्त कॅबिनेटात अर्धवट कापलेली असते; ती पुढेमागे वाकवून मोडावी लागते. ती चौथ्या हेलकाव्यास मोडते आणि पाचवा हेलकावा बोटास लागतो. आमच्या आत्या हळद घेऊन आल्या. “गाणी ऐकायला रक्त कशाला काढतोस?” असे त्यांनी विचारले. हा आक्षेप पूर्वपक्ष म्हणून नोंदविला आहे.

पुढे वर्णविचार. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ संहितेने छिद्रांना रंग नेमून दिले आणि स्पीकरांच्या वाढत्या संख्येबरोबर परिपाठ पूर्ण झाला: हिरवे छिद्र पुढच्या जोडीचे, काळे मागच्या जोडीचे, नारिंगी मध्य आणि मंद्र यांचे, गुलाबी मायकाचे, निळे बाहेरून येणाऱ्या ध्वनीचे, करडे बाजूच्या जोडीचे. याबाबत दोन संप्रदाय आहेत. वर्णवादी रंग पाहून पिन घालतात. छिद्रान्वेषी प्रत्येक भोकात पिन घालून आवाज येईतो पाहतात. टेबलाखाली पालथे पडून, दातांत बॅटरी धरून पाहिल्यास नारिंगी आणि गुलाबी हे एकच भासतात. तेथे वर्णवाद्यासही छिद्रान्वेषी व्हावे लागते. लेखकाचा मधला स्पीकर अकरा दिवस मायकाच्या छिद्रात होता. त्या काळात चित्रपटांतील माणसे ओठ हलवीत आणि पार्श्वसंगीतच बोले.

दिशाविचार

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीनुसार मधला स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोर, पुढचे दोन तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांमध्ये हवेत. कंपासपेटीतील कोनमापक आणि पतंगाचा मांजा यांच्या साह्याने मोजणी झाली. डावा मागचा बिंदू तांदळाच्या कणगीत पडला, उजवा स्वयंपाकघराच्या दारात. कणगी हलविण्याचा प्रस्ताव कुटुंबापुढे मांडण्यात आला आणि मागे घेण्यात आला. शेवटी श्रवणबिंदूच दीड फूट सरकविला. तेथे पंख्याखाली आत्यांची खुर्ची होती.

त्यामुळे यंत्रणा शास्त्रशुद्ध ठरली, परंतु शास्त्रशुद्ध श्रोता आत्या ठरल्या. लेखक तेव्हापासून कणगीला टेकून ऐकतो. डावा मागचा स्पीकर त्याच्या कानापासून वीतभर आहे आणि उजवा साडेतीन मीटरवर. एका मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद या हिशेबाने दाराबाजूचा आवाज दहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा विलंब सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येतो. केल्यास तो आत्यांसाठी बिघडतो.

मंद्रपेटी, जिला सबवूफर म्हणतात, तिला दिशेचे बंधन नाही. ती फक्त सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी हाताळते म्हणून तिची गणना पूर्णांकात नाही. ‘पॉइंट वन’ ती हीच. ८० हर्ट्झच्या ध्वनीची लहर सव्वाचार मीटरांहून लांब असते. आमची खोली पावणेचार मीटरही नाही. खोलीत न मावणाऱ्या वस्तूचा पत्ता कानाने काय सांगावा? तेराव्या शतकात देवगिरीस यादवराजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा असे सांगितले आहे. पेटी खाटेखाली ठेवून पाहिली असता स्फोटाचे दृश्य प्रथम छातीसच कळले. शार्ङ्गदेवाचे मत याप्रमाणे चांदीप येथे सिद्ध झाले.

पंख्याविषयी थोडे. २०१२ साली डॉल्बी ॲटमॉस या पद्धतीने छतातूनही ध्वनी सोडण्यास प्रारंभ केला. आमच्या पंख्याची घरघर त्याहून जुनी असून रेग्युलेटरच्या पाच पायऱ्यांवर ती कमीअधिक करता येते. तिचा ‘ऊर्ध्वस्थ’ या उपप्रकारात समावेश करावा, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. त्या पक्षात सध्या लेखक एकटा आहे.

प्रमाणविचार

यंत्रणा खरोखर सर्वतोध्वनी झाली, हे कशावरून? प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे येथे अपुरी आहेत. शब्दप्रमाणाचा अनुभव लॅमिंग्टन रोडप्रकरणी आलाच आहे. म्हणून पाचवे, ‘ग्रीवाप्रमाण’, कल्पावे. पडद्याकडे तोंड करून बसलेल्या श्रोत्याने मागील ध्वनी ऐकून मान वळविली, की सिद्धी झाली. श्रोता अनभिज्ञ असावा आणि मान निर्दोष असावी.

आश्विनातील एका दुपारी प्रयोग झाला. चित्रपटात दारावर थाप पडली. ती उजव्या मागच्या स्पीकरातून, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूने आली. आत्यांनी मान वळविली. एवढ्यावर ग्रीवाप्रमाण सिद्ध होते. परंतु त्या “आले, आले” म्हणत उठल्या, स्वयंपाकघर ओलांडून मागचे दार त्यांनी उघडले, आणि दारात विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला आलेला मनुष्य उभा होता. आपण दोनदा दार वाजविले, असे तो म्हणाला. चित्रपटात थाप एकदाच होती. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, या काकतालीयन्यायाचा येथे विनियोग करावा की दुसरी थाप डाव्या मागच्या स्पीकराची मानावी, हे ठरविण्यासाठी चित्रपट मागे नेऊन पुन्हा लावला; आत्या पुन्हा उठल्या.