गावाकडे अकरा गुंठे : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

तुमचं वय पंचेचाळीसच्या आसपास आहे. नाशिकला कॉलेज रोडवर नाहीतर ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, त्याचे हप्ते संपत आलेत आणि हल्ली चुलीवरच्या भाकरीचा फोटो दिसला की डोळ्यांत पाणी येतं. निदान सोपं आहे. तुम्हाला गावाकडे जमीन घ्यायची आहे. घाबरू नका. गिरणारे, त्र्यंबक, घोटी, वैतरणा या भागात असे रुग्ण दर शनिवारी येतात आणि त्यांची व्यवस्था बघायला एजंट चौफुलीवरच उभे असतात. खालील सूचना पाळल्यात तर वर्षभरात तुम्हीही जमीनदार व्हाल, किंवा निदान पक्षकार तरी.

१. जमीन ऑगस्टमध्येच बघा.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तो पडत असताना खडकसुद्धा बागायती दिसतो. समोरच्या डोंगरावरून सात धबधबे पडत असतात. ‘हे सगळं आपलंच’ असं एजंट म्हणेल. सातबाऱ्यावर धबधब्याची नोंद कुठे आहे, असं विचारून त्याचा मूड घालवू नका. आणि ‘एकदा मे महिन्यात बघून घेऊ’ असं तर अजिबात म्हणू नका. त्याच्या घरी लगेच लग्न निघतं. मे महिन्यात याच पट्ट्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. तो देखावा किमतीत धरलेला नाही.

२. कागद मागा, पण वाचू नका.

अकरा गुंठे म्हणजे ११,९७९ चौरस फूट. तुमच्या अख्ख्या बिल्डिंगपेक्षा मोठा आकडा. या आनंदात इसार देऊन टाका. सातबारा मागितल्याचं समाधान मिळवा, घडी घालून देवापाशी ठेवा. चुकून उघडलाच तर ‘इतर हक्क’ या रकान्याकडे बघू नका. सगळं महाभारत तिथंच असतं : सोसायटीचा बोजा, तीन बहिणींची नावं, एक कूळ, आणि मुंबईला गेलेला एक भाऊ, जो खरेदीखत झाल्यावर नेमका परत येतो.

तरीही काही चौकस वाचक असतात, म्हणून थोडं कायद्याचं. शेतकरी नसलेल्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायची नाही, असं १९४८ चा कूळकायदा कलम ६३ मध्ये सांगतो. तेव्हा आधी शेतकरी व्हा. त्यासाठी नांगर लागत नाही, आजोबांचा आठ-अ लागतो. तो जळगावच्या चुलतकाकांकडे असतो, ज्यांच्याशी तुमच्या घरचं बोलणं १९९८ च्या एका लग्नातल्या मानपानावरून बंद आहे. जा, पाया पडा. शेतीतली पहिली मशागत हीच.

दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. १९४७ पासून कायदा आहे की शेताचे ठरावीक मापाखाली तुकडे पाडून विकू नयेत. एजंटाकडे यावर उतारा आहे : तुकडा पाडायचाच नाही, अठ्ठावीस जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवायची. कुणाचे अकरा गुंठे कुठले, ते चुन्याची फक्की सांगते. पहिल्या पावसात फक्की वाहून जाते आणि अठ्ठावीस जण एकमेकांचे भाऊबंद होतात. लग्नाला बोलावत नाहीत, पण बांधावरून बोलतात तसंच.

तिसरा अडथळा सगळ्यात गंभीर, म्हणून तो चहा पिताना हसत सांगितला जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यात बरीच जमीन आदिवासी खातेदारांची आहे, आणि महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘आपल्या माणसाच्या नावावर घेऊ’ असा सल्ला इथे हमखास मिळतो. जरूर घ्या. मग गाडीचा ड्रायव्हर जमीनमालक होतो आणि तुम्ही त्याला जन्मभर ‘अहो’ म्हणता. पगारवाढ मागताना तो फक्त डोंगराकडे बघतो.

चौथी गोष्ट, तलाठ्याला भेटा. सरकारनं त्याला ग्राम महसूल अधिकारी असं नवं नाव दिलंय. गावानं अजून दिलेलं नाही. तो कोणत्या वारी भेटतो याची नोंद कुठल्याही गाव नमुन्यात सापडत नाही.

३. गुंतवणुकीचं गणित मनातल्या मनात करा.

कागदावर केलंत तर जमणार नाही. एजंटाच्या मोबाइलमध्ये एक नकाशा असतो, त्यावर लाल रेघ असते. ती रेघ म्हणजे रिंगरोड, आणि तो तुमच्या बांधाला लागून जातो. तुमच्या आधी आलेल्या गिऱ्हाइकाच्या बांधालाही तो लागूनच जात होता. ‘२०२७ च्या सिंहस्थाला भाव दुप्पट’, ‘समृद्धी झाली, मुंबई आली’ ही वाक्यं पाठ करून बायकोला ऐकवा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला हे खरं आहे. पण ७०१ किलोमीटर रस्त्याला उतरायची जागा ठरावीक असते आणि ती तुमच्या गेटसमोर नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला १९९९ नंतर द्राक्षांची वाइन होऊ लागली आणि ‘वायनरीजवळ’ हे अंतर मोजायचं नवं माप तयार झालं. एक वायनरीजवळ म्हणजे साधारण चौदा किलोमीटर, पैकी चार कच्चे.

जमिनीत काय लावायचं? गावात जे पिकतं ते सोडून काहीही. भात, नागली, वरई, खुरासणी ही पिकं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या घेत आलीत, म्हणजे त्यात काही दम नसणार. तुम्ही चंदन लावा. बांबू लावा. ड्रॅगनफ्रूट लावा. वीसेक वर्षांपूर्वी हाच सल्ला इमूबद्दल मिळत असे : अंडं हजाराला, तेल सोन्याच्या भावानं. पुढे खरेदी करणारे गायब झाले आणि कित्येक ठिकाणी माणसाच्या उंचीचे ते पक्षी माळावर सोडून द्यावे लागले. निराश होऊ नका. प्रत्येक पिढीला आपला इमू सापडतोच.

मी स्वतः केशर आंबा लावला. चाळीस कलमं, ठिबक, शेणखत, वानरांसाठी जाळी. पाचव्या वर्षी नऊ आंबे आले. जाळीचा वानरांना चढायला चांगला उपयोग झाला. उरलेले दोन आम्ही कापून सात जणांत खाल्ले. झालेला खर्च भागिले दोन केला तेव्हा सौ. म्हणाली, साल टाकू नका.

४. सुरक्षितता.

शहरातला माणूस गावात पाऊल टाकताच त्याला दोन भीती धरतात : बिबट्या आणि गावकरी. दोघांवरही उपाय एकच, आठ फुटी भिंत. ती बांधाच. शंभर वर्षांच्या वहिवाटीची पायवाट नेमकी तुमच्या जमिनीतून जात असेल तर तिच्यावर आडवीच बांधा. मग मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे रस्त्याचा दावा लागतो, तारखा पडतात आणि एरवी ओळख न झालेले सगळे शेजारी एकाच बाकावर भेटतात.

चार सीसीटीव्ही लावा. वीज रात्री जाते, नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येतं, तरी लावा. त्यात चिमणीचं घरटं फार सुरक्षित राहतं. राखणीला परदेशी जातीचा कुत्रा आणा. बिबट्यालाही कधी बदल हवा असतो. इथले लोक वाघबारशीला वाघोबाला नारळ फोडतात, संध्याकाळी शेरडं आत घेतात, अंधारात घुंगराची काठी आपटत चालतात. तुम्ही एवढं मागासलेलं वागू नका. तुम्ही रात्री अकराला व्हरांड्यात शेकोटी करा, खाली बसा, हाडं कुंपणाबाहेर फेका.

सापांचं मात्र गमतीत नेता येत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही या भागात आहेत. चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा. फोन टाकीवर चढून लागतो, हे वर सांगितलंच आहे. साप नुसता दिसला तर फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाका; सर्पमित्र पोचेपर्यंत धामणीचा अजगर झालेला असतो.

५. गावात मिसळा.

फार नको. देवळाच्या जीर्णोद्धाराला पावती फाडा, सप्त्याला एक दिवसाचं जेवण द्या, आणि लाउडस्पीकरवर तुमचं आडनाव चुकीचं घेतलं तर हात जोडा.

मुख्य म्हणजे एक रखवालदार ठेवा. तो शोधावा लागत नाही, जमिनीबरोबरच येतो. ती विकणारा तोच असतो. त्याला ‘मामा’ म्हणा. त्याचं नाव खरेदीखतावर आहे, पण ते कोण वाचतं. त्यानं का विकली, हे विचारू नका, कारण तो सांगेल. आवणी कशी करावी याचे व्हिडिओ त्याला दाखवा. तो चिखलात उभा राहून पूर्ण बघतो, ‘बरंय शेठ’ म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो. बांध कुठून कुठवर, पाणी कुठे लागेल, कुठला दगड उचलू नये, हे सगळं तो सांगतो. मोजणीचे पैसे भरून सरकारी खुणा येईपर्यंत तुमची हद्द म्हणजे त्याचं बोट.

पुढे तुमचं येणं कमी होईल. दर शनिवारचं महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. अशाच एका दिवाळीत तुम्ही पाहुण्यांच्या दोन गाड्या घेऊन पोचता आणि गेटसमोर लक्षात येतं की चावी नाशिकला फ्रिजवर राहिली. भिंतीवर काचा आहेत, तारा आहेत, कॅमेरे आहेत. तुम्ही हॉर्न वाजवता. मामा शेतातून हात पुसत येतो, कुलपाकडे बघतो, काही न बोलता भिंतीच्या कडेनं चालत करवंदीच्या जाळीमागे दिसेनासा होतो. मिनिटभरानं बंगल्याचं मागचं गेट आतून उघडतं.

“या शेठ,” तो म्हणतो, “चहा टाकू का?”