लाल पुस्तकाचा बोधांक

महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल हे पद पगारपत्रकात शिक्षकेतर वर्गात मोडते, गणिताचे शिक्षक रजेवर गेले की त्या तासापुरते शिक्षक वर्गात मोडते, आणि निवडणुकीच्या काळात ते नेमके कोणत्या वर्गात मोडते याचा विचार करण्यास कोणाला सवड नसते. विद्यार्थिसंख्या पुरेशी नसेल तर हेच पद अर्धवेळ होते. मग तास निम्मे आणि वेतन निम्मे, परंतु कपाटे, पुस्तके आणि वाळवी ही मात्र पूर्णवेळ राहतात. अशा पदावरील बाईंनी ग्रंथालयाचे संगणकीकरण करावे असा ठराव एके दिवशी शाळा समितीच्या बैठकीत चहाच्या आधी मांडला जातो आणि चहाच्या नंतर मंजूर होतो. संगणकीकरण या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ असा, की जी माहिती आजवर एका वहीत सापडत होती ती वहीत आणि संगणकात अशी दोन ठिकाणी लिहावयाची, कारण तपासणीस येणारे अधिकारी संगणक पाहून समाधान व्यक्त करतात आणि सही मात्र वहीवर करतात.

या वहीला दाखल नोंदवही म्हणतात. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला तीत एक क्रमांक मिळतो, आणि निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे फाटलेले किंवा हरवलेले पुस्तक रीतसर मंजुरी घेऊन कमी केले जाईपर्यंत, ती प्रत वाळवीने शेवटच्या पानापर्यंत वाचून संपवली असली तरी कागदोपत्री हयात असते. पुस्तक कपाटात कोठे ठेवावे हे सांगणारा, त्याच्या पाठीवर चिकटवलेला अंक तो बोधांक. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस वाडा मिळाला आणि मराठी साहित्याला ८९१.४६ ही दशांशचिन्हापलीकडची खोली मिळाली. मराठी विनोदी लेखन त्याहून आत, ८९१.४६७ मध्ये राहते, आणि चाळीतच वाढलेल्या या वाङ्मयप्रकाराने जागेबद्दल कधी तक्रार केल्याचे आढळत नाही.

बोधांक वापरणारा वाचक शाळेत एकच असतो, तो म्हणजे स्वतः ग्रंथपाल. सहावीतला वाचक टेबलापाशी येऊन, ‘बाई, ते लाल पुस्तक द्या ना, भुताचं, शेवटचं पान नसलेलं,’ एवढेच म्हणतो, आणि बाई हातातले हजेरीपत्रक खाली न ठेवता तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवरून ते काढून देतात. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम. त्याचे इतके तंतोतंत पालन होत असताना त्यात सुधारणा का करावी, हा प्रश्न शाळा समितीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नव्हता.

संगणकीकरणाचे पहिले साधन बहुधा एक्सेल असते, कारण ते शाळेच्या संगणकात आधीपासूनच असते. त्यात पहिला प्रयोग होतो तो आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांकाचा. ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा हा क्रमांक २००७ पासून तेरा अंकी झाला, आणि एक्सेलला एवढा लांब अंक दिसला की ते तो वैज्ञानिक पद्धतीने आखडून ९.७८ई+१२ असा दाखवते. अशा रीतीने विज्ञानकथा, पाककृती, भूमितीचे मार्गदर्शक आणि संतचरित्र हे सर्व एकाच क्रमांकात विलीन होतात. अद्वैताचे इतके सुबोध प्रात्यक्षिक मूल्यशिक्षणाच्या तासालाही दाखवता येत नाही. ००४५ या दाखल क्रमांकाची पुढची शून्ये गळून पडतात, आणि ‘इयत्ता ५-६ साठी’ या अर्थाने लिहिलेल्या ५-६ ची संगणकाच्या मांडणीनुसार ५ जून किंवा ६ मे ही तारीख होते. ६ मे ही तारीख उन्हाळी सुट्टीत येत असल्यामुळे ती पुस्तके मुलांना केव्हा द्यावयाची, असा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरे साधन म्हणजे खास ग्रंथालयांसाठी तयार केलेली आज्ञावली, आणि त्यातील कोहा हे नाव सर्वपरिचित आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नाही असे दिसल्यामुळे ती घडवण्यात आली, आणि त्या वर्षाच्या जानेवारीत ती वापरातही आली. ती विनामूल्य मिळते. कोहा हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे, परंतु केव्हातरी परतफेड अपेक्षित असलेली भेट. मराठीत या वस्तूला आहेर म्हणतात, आणि आहेर फुकट पडतो असा समज असलेला मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. येथे परतफेड लिनक्स जाणणाऱ्या माणसाच्या रूपाने करावी लागते. तसा माणूस तालुक्याच्या गावात बहुधा कोणाचा तरी भाचा असतो आणि पुण्याला नोकरीस असतो.

या आज्ञावलीत पुस्तके एकगठ्ठा भरण्यासाठी ग्रंथकाराचे आडनाव आधी आणि नाव नंतर असा क्रम करावा लागतो. चार हजार नावे हाताने उलटी करण्याऐवजी संगणकाच्या शिक्षकांनी शेवटचा शब्द आडनाव समजणारे सूत्र तयार करून दिले. त्या सूत्राने अण्णा भाऊ साठे यांचे ‘साठे, अण्णा भाऊ’ बिनचूक झाले, आणि साने गुरुजींचे ‘गुरुजी, साने’ झाले. याच सूत्रामुळे तुकाराम, गाडगे आणि तुकडोजी हे ‘महाराज’ नावाच्या एकाच घराण्यातील निघाले, आणि कित्येक शतकांत विस्तारलेल्या या घराण्याच्या साहित्यसेवेकडे आजवर कोणत्याही वाङ्मयेतिहासकाराचे लक्ष गेले नव्हते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे मराठीच्या बाईंना ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते, आणि या सांगण्याच्या शास्त्राला कर्तानाम-नियंत्रण म्हणतात. ‘पु. ल.’ आणि ‘पु.ल.’ यांच्यामधली एक रिकामी जागा यंत्राला दोन स्वतंत्र लेखक निर्माण करण्यास पुरेशी होते, आणि महाराष्ट्राची इच्छा कितीही असली तरी दुसरे पु. ल. असे मिळत नाहीत.

अकारविल्हे लावण्यातही अशीच गंमत होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक देणारी जागतिक संकेतप्रणाली, तीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवला आहे, आणि ‘ज्ञ’ हे स्वतंत्र अक्षर नसून ज, हलन्तचिन्ह आणि ञ यांची जोडणी आहे. त्यामुळे केवळ अंकांच्या क्रमाने यादी लावली तर ज्ञानेश्वरी ‘ज’च्या रांगेत जाऊन बसते, आणि वर्णमाला ‘ज्ञ’ने संपते असे बालवाडीपासून ऐकत आलेला विद्यार्थी यादीच्या तळाशी जाऊन ती ग्रंथालयात नाही असा निष्कर्ष काढतो.

सर्वात अधिक उत्साह मात्र पट्टीसंकेताने, म्हणजे ज्याला शिपाईमामांसह सर्वजण बारकोड म्हणतात त्याने, निर्माण केला. दुकानात या पट्ट्यांची पहिली विक्रीनोंद २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय या गावी झाली, ती च्युइंगमच्या पाकिटाची. हे दोन शोध आजही शाळेच्या ग्रंथालयात एकत्र नांदतात, त्यांपैकी दुसरा बाकाच्या खालच्या बाजूस असतो. प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलेली पट्टी आवृत्ती ओळखते आणि ग्रंथालयाने चिकटवलेली पट्टी प्रत ओळखते, हा भेद समजण्यापूर्वीच एका पुस्तकाच्या तीस प्रती वर्गात वाटल्या गेल्या, आणि यंत्राच्या दृष्टीने एकच पुस्तक एकाच वेळी तीस मुलांनी घरी नेले.

याहून सूक्ष्म भाग असा, की पट्टी वाचणारे यंत्र संगणकाच्या लेखी अतिशय वेगाने टंकलेखन करणारा एक कळफलक असते. ते वाचलेला अंक, पडद्यावर त्या क्षणी जे काही उघडे असेल त्यात, कोणाची परवानगी न घेता टंकित करते. बाई एका खिडकीत देवघेव, म्हणजे पुस्तकांची ने-आण, आणि दुसऱ्या खिडकीत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावयाचे पत्र असे काम करत असतील, तर कागदाच्या माथ्यावर ००४१२७ हा अंक उमटतो आणि पत्र तसेच रवाना होते. मराठी कार्यालयीन परंपरेची थोरवी अशी, की त्या कार्यालयाकडून येणारे उत्तर ‘संदर्भ : आपले पत्र क्र. ००४१२७’ अशीच सुरुवात करून येते. पुढे शाळेच्या जावक नोंदवहीत हा क्रमांक सापडेना, म्हणून बाईंनी तो दाखल नोंदवहीत पाहिला. तेथे तो एका भूतकथासंग्रहाचा निघाला.

मुदत संपलेल्या पुस्तकांची आठवण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर देण्याच्या प्रयोगाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. निरोपाखाली बावीस नमस्कार, चार सुप्रभात आणि एक वाढदिवसाचा केक आला; पुस्तक एकच परत आले, आणि त्यावर दुसऱ्याच शाळेचा शिक्का होता. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने लाल भुताच्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि कथासार तत्परतेने सांगितले, परंतु ते पुस्तक कोणत्याही प्रकाशकाच्या सूचीत आढळले नाही. भुताच्या बाबतीत ही उणीव मानावी की अचूकता, याचा निर्णय बाईंनी राखून ठेवला आहे.

खरी अडचण जूनमध्ये आली. तीस वर्षे त्या कपाटांपुढे वावरलेल्या बाईंनी दोन आठवड्यांची रजा घेतली, आणि त्यांच्या जागी बसलेल्या चित्रकलेच्या शिक्षकांकडे ‘ते लाल, भुताचं’ मागण्यास मुले आली. सरांनी शोधचौकटीत ‘लाल’ असे टंकित केले तेव्हा लाला लजपतराय यांचे चरित्र आणि लालबहादूर शास्त्री यांचे चरित्र पुढे आले. ‘भूत’ असे टंकित केल्यावर भूतदया मिळाली. यंत्राजवळ पुस्तकाची उंची सेंटिमीटरमध्ये होती, पृष्ठसंख्या होती, खरेदीच्या पावतीचा क्रमांक होता. रंग नव्हता. शेवटचे पान नाही, ही तर ग्रंथपालाने कोठेही न नोंदवण्याचीच गोष्ट.

रजेवरून परतल्यावर बाईंनी यावर जो उपाय केला तो कोणत्याही कार्यशाळेत शिकवला जात नाही. प्रत्येक सरकारी नोंदवहीत उजव्या टोकाला ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो, आणि त्यात ‘हरवले’ किंवा ‘जीर्ण’ याव्यतिरिक्त काही लिहिण्याचा प्रघात नाही. संगणकातील शेऱ्याच्या त्या रकान्यात त्यांनी मुले जे बोलतात ते जसेच्या तसे भरण्यास सुरुवात केली : लाल, भूत, शेवटचे पान गेले, कुत्रा मरतो ते, पहिल्या पानावर शाई सांडलेले, सहलीला नेलेले. पुढे मधल्या सुट्टीत काही मुलांनी हा रकाना स्वतःच भरण्याची परवानगी मिळवली, त्यामुळे शुद्धलेखन काहीसे स्वतंत्र झाले, परंतु शोधणारेही तेच असल्यामुळे शोध बिनचूक लागू लागला.

वार्षिक पडताळणीत जाड मराठी शब्दकोश कोणत्याच फळीवर सापडला नाही, तेव्हा निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करण्यापूर्वी त्याची नोंद उघडण्यात आली. स्थिती : उपलब्ध. शेरा : ‘जड आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हनून लावतात.’ मुख्याध्यापकांनी वळून पाहिले, तर दार उघडेच होते.