आमचा विरोध आहे ना? मग घ्याच!

जुलै 2025 मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबनं चेल्सीकडून नोनी मडुएके हा विंगर घ्यायचं ठरवलं आणि आर्सेनलच्याच चाहत्यांनी सह्यांची मोहीम उघडली. नळाला पाणी नाही म्हणून नव्हे की रस्ता खचला म्हणून नव्हे, 'हा मुलगा आम्हाला नको' म्हणून. हजारोंनी सह्या ठोकल्या. मुलगा तेवीस वर्षांचा, चेल्सीच्या संघाबरोबर तिकडे अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप खेळायला गेलेला. क्लबनं मोहिमेला केराची टोपली दाखवली, पाच कोटी पौंडांच्या आसपास मोजले आणि त्याला आणलं. नोव्हेंबरात त्यानं बायर्न म्युनिकविरुद्ध गोल मारला, तेव्हा कोणी आपली सही मागे घेतल्याचं ऐकिवात नाही. सहीवाले त्या वेळी शेजाऱ्याच्या गळ्यात पडण्यात गुंतले होते.

या मंडळींना वेड्यात काढायचा माझा अजिबात विचार नाही. उलट त्यांची गेल्या काही वर्षांतली मतं एकापुढे एक मांडली की त्यांच्या अंगचा एक दुर्मीळ गुण दिसतो. ते ज्याला नाक मुरडतात तो बहुतेक वेळा चालतो आणि ज्याच्यासाठी गुलाल उधळतात तो बसतो. इतकं नेमानं चुकायलाही अभ्यास लागतो.

गोलकीपरचंच घ्या. 2021 साली आर्सेनलनं शेफील्ड युनायटेडकडून ॲरन रॅम्सडेलला आणलं. हा गडी 2020 मध्ये बोर्नमथबरोबर खालच्या श्रेणीत गेलेला आणि 2021 मध्ये शेफील्डबरोबर. म्हणजे पांढऱ्या पायाचा! चाहत्यांनी त्याला इतकं झोडपलं की त्यानं इन्स्टाग्रामवरच्या कॉमेंट बंद केल्या. मग तो खेळायला लागला, गोल वाचवायला लागला, प्रतिस्पर्धी प्रेक्षकांना हसत डिवचायला लागला, आणि वर्षभरात तो घरचा झाला. 2023 मध्ये ब्रेंटफर्डचा डेव्हिड राया आला, तर तीच मंडळी कंबर कसून उभी: आमच्या रॅम्सडेलवर अन्याय! हिऱ्यासारखा गोलकीपर असताना दुसरा आणायचाच कशाला? रायानं त्या हंगामात लीगमधले सोळा सामने गोल न खाता काढले, गोल्डन ग्लोव्ह घेतला आणि पुढच्या वर्षी त्या पुरस्कारात पुन्हा वाटेकरी झाला. आता रायाबद्दल वावगा शब्द काढून दाखवा. उद्या त्याच्या जागी तिसरा कोणी आला, तर सह्यांचा कागद छापून तयार असेल.

काई हावर्ट्झचीही हीच कथा. साडेसहा कोटी पौंड पाण्यात गेले, असं पहिले दोन महिने घरोघरी ऐकायला मिळत होतं. मग तो गोल मारू लागला आणि स्टेडियममध्ये त्याच वाया गेलेल्या पैशांवर गाणं रचून ते प्रेमानं म्हटलं जाऊ लागलं. शिवीचीच आरती केली. हे मात्र आर्सेनलवाल्यांनाच जमतं, मान्य करायला हवं.

उलट बाजूला निकोला पेपे. 2019 मध्ये क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी रक्कम, 7 कोटी 20 लाख पौंड, त्याच्यासाठी मोजली गेली. तेव्हा चाहत्यांचे चेहरे बघायला हवे होते. 2023 मध्ये त्याचा करार आपसात मिटवून क्लबनं त्याला सोडलं. हातात एक पेनीही आली नाही. जानेवारी 2023 मध्ये तर मिखाइलो मुद्रिकसाठी जीव टाकून बसले होते सगळे. चेल्सीनं तो ऐनवेळी पळवला. इकडे सुतक. सुतकातच ब्रायटनहून लिआंद्रो ट्रोसार्ड आला, मुद्रिकच्या किमतीच्या काही अंशात. 'हा म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस' असा सूर होता. मार्चमध्ये फुलहॅमविरुद्ध त्यानं मध्यंतराच्या आतच तीन गोल करवून दिले. मुद्रिकनं त्या हंगामात चेल्सीसाठी एकही गोल केला नव्हता.

आणि सगळ्यांत मोठा दाखला खुद्द डगआउटमध्ये उभा असतो. 28 ऑगस्ट 2011 रोजी मँचेस्टर युनायटेडनं आर्सेनलला 8-2 असं धुतलं. पुढच्या तीन दिवसांत तेव्हाचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांनी पाच खेळाडू गोळा केले. चाहत्यांना जागतिक दर्जाचे तारे हवे होते. आला कोण, तर एव्हर्टनचा एकोणतीस वर्षांचा मिडफिल्डर. 'पॅनिक बाय' म्हणून त्याची टिंगल झाली. त्याचं नाव मिकेल आर्टेटा. त्याच्याबरोबर आलेला उंचच उंच पेर मर्टेसाकर पुढे क्लबची अकादमी सांभाळू लागला. म्हणजे त्या घाईच्या खरेदीतून क्लबला पुढचा मॅनेजरही मिळाला आणि अकादमीचा प्रमुखही. तेव्हा सह्यांची मोहीम निघाली असती तर दोघंही परत गेले असते.

चाहत्याला नेमकं हवं काय असतं? जिंकणं, असं तुम्ही म्हणाल. मला शंका आहे. 17 ऑगस्ट 2013 रोजी घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून 3-1 असा मार खाल्ल्यावर एमिरेट्समधून जी आरोळी उठली ती 'गोल मारा' अशी नव्हती. 'पैसे खर्च करा' अशी होती. त्याच उन्हाळ्यात क्लबनं खर्च करायचा प्रयत्न केला होता, पण कसा? लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझच्या करारात चार कोटींच्या वर बोली आली तर काहीतरी होतं, अशी कुणकुण लागली. आर्सेनलनं बोली लावली चार कोटी आणि एक पौंड. आपल्याकडे आहेराच्या पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवतात तो शुभ म्हणून. इथं तो पौंड पाहून लिव्हरपूलच्या मालकांनी हे लोक नेमकं काय ओढतात, असा जाहीर सवाल केला. सुआरेझ हलला नाही आणि त्या हंगामात लीगमध्ये 31 गोल करून बसला. इकडे सप्टेंबर उजाडताच 4 कोटी 25 लाखांना मेसूट ओझिल आला आणि आरोळी थांबली. संघात कमी होती स्ट्रायकरची, आला प्लेमेकर. पण पैसे खर्च झाले होते ना!

याच मंडळींच्या तावडीत 1999 चा तिएरी आँरी सापडला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला दरदरून घाम फुटतो. युव्हेंटसहून 1 कोटी 10 लाखांना आलेला, तिकडे विंगवर खेळून कंटाळलेला पोरगा. पहिल्या आठ सामन्यांत गोलच नाही. आजच्या हिशेबानं चौथ्या सामन्यानंतर त्याला लोनवर तुर्कस्तानला धाडला असता. त्यानं पुढे आर्सेनलसाठी 228 गोल केले.

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर असा एक तज्ज्ञ राहतो. आयटीत आहे, वय अठ्ठावीस. त्याला मी 2025 च्या उन्हाळ्यात सहज विचारलं, यंदा कोण हवा?

"काका, नऊ नंबर. स्ट्रायकर. दुसरं काही नको."

"कोण?"

यावर महिनाभर त्यांच्या गटात फाळणी झाली होती. अर्धे स्पोर्टिंगच्या व्हिक्टर ग्योकेरेसच्या बाजूचे, अर्धे लाइपझिगच्या बेंजामिन सेस्कोच्या. ग्योकेरेसनं आदल्या हंगामात 54 गोल केले होते, तर सेस्कोवाले म्हणत, पोर्तुगालच्या लीगमध्ये सोसायटीचा वॉचमनही मारेल. सेस्को बावीस वर्षांचा, तर ग्योकेरेसवाले म्हणत, कोवळा आहे, पिकायला वेळ लागेल. आर्सेनलनं ग्योकेरेस घेतला, सेस्को मँचेस्टरला गेला आणि आमच्या जिन्यात दोन आठवडे कोणी कोणाशी बोललं नाही.

नऊ नंबरची ही तहान जुनी आहे. जानेवारी 2025 मध्ये गॅब्रिएल जेझुसचा गुडघा गेला. व्हिलाच्या ऑली वॉटकिन्ससाठी टाकलेली बोली परत आली आणि खरेदीची विंडो रिकाम्या हातांनी बंद झाली. पाठोपाठ फेब्रुवारीत हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंगही गेला. आमच्या तज्ज्ञानं तेव्हा हंगामाचं तेरावं घातलं. मग आर्टेटानं मिकेल मेरिनो या मिडफिल्डरला पुढे ढकललं. त्यानं लेस्टरला दोन गोल मारले, एप्रिलमध्ये रेआल माद्रिदच्या 3-0 पराभवात एक. तज्ज्ञाला याबद्दल विचारलं तर म्हणाला, "हो, पण तो खरा नऊ नंबर नाही ना."

हिशेबात मात्र याचा हात कोणी धरू शकत नाही. "काका, साडेसहा कोटी म्हणजे एकदम साडेसहा कोटी नसतात. पाच वर्षांचा करार असेल तर पुस्तकात दरसाल एक कोटी तीस लाखच लागतात. चेल्सीनं मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला तो त्यासाठीच. मग 2023 मध्ये युएफानं पाच वर्षांची मर्यादा घातली." प्रीमियर लीगमध्ये तेव्हा तीन वर्षांत दहा कोटी पन्नास लाखांपर्यंतचा तोटा चालत होता, हेही त्याला तोंडपाठ. मी चकित होऊन विचारलं, तुझ्या फ्लॅटचा हप्ता किती बसतो रे? म्हणाला, "ते बाबा बघतात."

2025 ची विंडो बंद होण्याची वेळ आली 1 सप्टेंबरला, आपल्याकडच्या रात्री साडेअकराला. त्या दिवशी गौरीपूजन होतं. वरच्या मजल्यावर आम्ही जेवायला. गौरींपुढे पुरणपोळी, सोळा भाज्यांचं पान मांडलेलं, तज्ज्ञाची आई नैवेद्य दाखवायला पाणी फिरवणार, आणि चिरंजीव मखराच्या आडोशाला मोबाइलवर.

"अरे, ठेव तो बाजूला. नैवेद्य आहे."

"आई, दोन मिनिटं. हिंकापिएचं मेडिकल चाललंय."

आजींनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. "कोणाला बरं नाहीये?"

पिएरो हिंकापिए, लेव्हरकुसेनचा डिफेंडर, त्या रात्री लोनवर आर्सेनलचा झाला. संघात आधीच सालिबा, गॅब्रिएल, टिंबर, कालाफिओरी, नुकताच आलेला मॉस्केरा असे डिफेंडर होते. तरी चिरंजीवांचं मत: "बरं झालं, डेप्थ हवीच." मग पंगतीत बसल्याबसल्या, पोळीवर तूप पडायच्या आत, जानेवारीत कोण लागेल त्याची यादी.

या यादीत एक नाव कधीच नसतं, ते म्हणजे फुकट मिळालेल्याचं. बुकायो साका सातव्या वर्षी अकादमीत आला. त्याला घेताना कॅमेरे नव्हते, सौदा पक्का झाल्याचं 'हिअर वी गो' नव्हतं, त्यामुळे तो खरेदीत धरत नाहीत. आणि एबेरेची एझे? तेराव्या वर्षी आर्सेनलनंच त्याला नारळ दिला होता. ऑगस्ट 2025 मध्ये त्यालाच सहा कोटींहून जास्त देऊन परत आणलं आणि चाहत्यांनी दिवाळी केली. हा तुमच्या शास्त्राला अपवाद आहे, असं तज्ज्ञानं मला ठणकावलं. आहे, कबूल. 23 नोव्हेंबरला त्यानं टॉटनहॅमविरुद्धच्या 4-1 विजयात तीन गोल मारले. पण ऑगस्टमधली ती दिवाळी एझे आला म्हणून होती, की तो टॉटनहॅमच्या हातातोंडाशी आलेला घास होता म्हणून? चिरंजीव यावर हसले.

दुसरा अपवादही नोंदवतो, म्हणजे मला पक्षपाती म्हणायला नको. 2015 च्या उन्हाळ्यात आर्सेनलनं फक्त गोलकीपर पेटर चेक घेतला. मैदानात धावणारा एकही माणूस घेतला नाही. चाहते ओरडत होते, आणि बरोबर ओरडत होते. त्या हंगामात लेस्टर चॅम्पियन झालं, आर्सेनल दहा गुणांनी मागे दुसरं. 2020 मध्ये चेल्सीतून आलेल्या विलियनबद्दलही त्यांनी शंका काढली होती. पठ्ठ्यानं वर्षात एक गोल केला आणि घरी गेला.

एकदा मी तज्ज्ञाला विचारलं, आपल्या मुंबई सिटीला कोण हवा? "त्यांना काय घ्यायचंय काका, लीगच थांबलीय." खोटं नव्हतं. 11 जुलै 2025 रोजी इंडियन सुपर लीगचा हंगाम लटकला. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचा ठरला नव्हता. बेंगळुरूनं ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार रोखले. म्हणजे ज्या महिन्यात डोंबिवलीत ग्योकेरेस की सेस्को यावरून जिन्यात अबोला चालला होता, त्याच महिन्यात आपल्या क्लबांना खेळाडू हवा की नको हा प्रश्नच उरला नव्हता. त्यावर सह्यांची मोहीम काढावी, असं जिन्यात कोणाला सुचलं नाही. 22 ऑक्टोबरला फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध अल नासर उतरला. लोक रोनाल्डोसाठी आले होते, रोनाल्डो आलाच नाही. गोवा 2-1 हरला, पण गोव्याचा गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसनं मारला. त्याची किंमत किती, करार किती वर्षांचा, मेडिकल कधी झालं, हे आमच्या तज्ज्ञाला अजून ठाऊक नाही.

असो. आर्टेटासाहेब, तुम्हाला नम्र विनंती. चाहत्यांच्या मोहिमेला केराची टोपली दाखवू नका, सह्या नीट मोजून ठेवा. ज्याच्या विरोधात सर्वांत जास्त भरतील, त्याला डोळे मिटून घ्या. आमच्या वरच्या मजल्यावर पुढच्या विंडोसाठी तीन नावांवर काट मारून ठेवली आहे. हवी असल्यास यादी पाठवतो.